भावोजींचा आवाज

माझी ताई हट्टी आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मेलेल्या नवऱ्याची परवानगी मिळत नाही म्हणून सडत चाललेला पाय घेऊन ती घरात बसून राहील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गणपती जाऊन म्हाळाचा पंधरवडा लागला होता. सुलक्षणाताईच्या उजव्या पायाची जखम दीड महिन्याची झाली होती. साखर तिची कायम चढलेली. चपलेचा पट्टा घासून फोड आला, तो फुटला, चिघळला आणि अंगठ्यासकट तीन बोटं काळी पडली. बुधवारी डॉक्टरांनी तिला, मला आणि तिच्या मुलीला, प्रांजलला, समोर बसवून सांगितलं की पंजाचा पुढचा भाग काढावा लागेल, तोही मंगळवारच्या आत. उशीर झाला तर गुडघ्याखालचा पाय जाईल आणि त्याहून उशीर झाला तर ताईच जाईल. ताईने सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

'हे' म्हणजे आमचे दत्ताराम भावोजी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं, कारण मी कोण हे त्यांना माहीत होतं. मी जादूगार नंदकुमार. पस्तीस वर्षं वाढदिवसांत आणि गणेशोत्सवांत जादूचे प्रयोग करतोय, शब्दभ्रमाचे करतोय, म्हणजे ओठ न हलवता मांडीवरच्या बाहुल्याला बोलतं करणं. शिवाय वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी शाळा-कॉलेजांत जाऊन बुवा-बाया लोकांना कसं फसवतात ते दाखवतो. हवेतून अंगारा काढतो, नारळातून केस काढतो, जिभेवर कापूर जाळतो आणि लगेच त्यातली मेख सांगतो. डॉक्टरांच्या मुलाच्या शाळेत मी तीनदा जाऊन आलो होतो. आणि माझ्याच सख्ख्या बहिणीला तिचा मेलेला नवरा सल्ला देत होता.

"कुठे भेटतात भावोजी?" मी रिक्षात विचारलं.

"मुलुंडला," ताई म्हणाली. "श्रुतिकाताईंकडे. तू येऊ नको, तू थट्टा करशील."

मी गेलो. शुक्रवारी दुपारी चार वाजता, ताईला टॅक्सीत घालून, मुलुंडच्या एका नव्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर. मला वाटलं होतं उदबत्त्यांचा धूर असेल, मोकळे केस सोडून घुमणारी बाई असेल. तसलं काही नव्हतं. गार हॉल, वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या. श्रुतिकाचा नवरा हर्षद दारात सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये गोळा करत होता आणि पाणी देत होता, इतक्या अदबीने की मलाही त्याला "थँक्यू" म्हणावं लागलं. श्रुतिका स्वतः तिशीची, साधा सुती कुर्ता, चष्मा. ती कुणाकडून काही घेत नाही, नारळसुद्धा नाही, असं शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. याचा मला जास्तच राग आला. लुबाडणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येतं.

तिने चष्मा काढून बाजूला ठेवला, डोळे मिटले. एकेकाचे मेलेले येऊ लागले. ताईची पाळी आली तेव्हा श्रुतिकाने आवाज घोगरा केला आणि मालवणीत बोलली, "सुलक्षणा, पाय कापूक देव नको. अर्ध्या पायान इलंस तर मी तुका वळखूचंय नाय."

ताईने हात जोडले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा शांत झाला होता. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. एक तर हे एक वाक्य ताईचा जीव घेणार होतं. आणि दुसरं, सांगायला लाज वाटते पण सांगतो, तिची मालवणी मला सहन होईना. नाटकातली मालवणी होती ती. भावोजींनी जन्मात ताईला 'सुलक्षणा' म्हटलं नव्हतं. ते 'सुला' म्हणायचे, आणि त्याआधी दोनदा खाकरायचे. मी त्यांची नक्कल बारशापासून साखरपुड्यापर्यंत सगळ्या कार्यांत केली आहे, ते समोर बसून पोट धरून हसत असताना.

घरी आल्यावर प्रांजलने मला फोनवर तो फॉर्म दाखवला. श्रुतिकाकडे जायच्या आधी प्रत्येकाने भरायचा. मृताचं नाव, गाव, तारीख, आवडता पदार्थ, शेवटचं काय बोलले. सगळ्यात खाली एक रकाना होता: 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' ताईने तिथे लिहिलं होतं, 'अर्धवट अंगाने वर जायची.'

"म्हणजे आईनेच लिहून दिलं आणि तेच हिने परत वाचून दाखवलं," प्रांजल म्हणाली. ती पवईला एका ऑफिसात काम करते, डोकं तल्लख आहे. "पण तिला सगळं आठवतं कसं? वीस माणसं होती ना."

"आठवत नाही. कानात तांदळाएवढा स्पीकर असतो. बाहेर बसून हर्षद वाचतो. माझ्याकडेही आहे तसला."

"मग पोलिसांत जाऊ या."

कायदा आहे, उपचारापासून माणसाला अडवलं तर गुन्हा होतो. पण ताई तक्रार देणार नव्हती, आणि तिची सही नसताना धावपळ करत बसलो असतो तर मंगळवार उलटून गेला असता. त्यापेक्षा एक चांगली संधी आयती चालून आली होती. रविवारी सकाळी अकरा वाजता श्रुतिका बोरीवलीत ताईच्याच सोसायटीत येणार होती. महिला मंडळाने तिला पंधरवड्यानिमित्त बोलावलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या ओळखीचे, दर गणपतीत माझा प्रयोग लावतात. त्यांनी मला शेवटी दहा मिनिटं दिली. मी दुसऱ्याच नावाने फॉर्म भरला आणि मृताच्या रकान्यांत लिहिलं: खंडू, वय बावीस, वर्सोव्याला होडी उलटून गेला, आवडता पदार्थ सुकट, शेवटचे शब्द 'आईला सांगू नको'. खंडू हे माझ्या बोलक्या बाहुल्याचं नाव आहे.

रविवारी हॉल भरला होता. बटाटेवड्यांचा वास, पंखे, पुढच्या रांगेत ताई, पायाला जाड पट्टी बांधलेली. तरी तिच्या जवळ बसलेल्या बायका हळूच पदर नाकाला लावत होत्या. श्रुतिकाने चार-पाच घरांचे मेलेले आणले आणि मग म्हणाली, "खंडू आलाय." पाणी फार गार होतं, म्हणाला तो. आईला सांगू नको, म्हणाला. मागे दोन बाया हुंदके देऊन रडल्या. मी रुमाल काढून डोळे टिपले, इतकं चांगलं नाटक मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

मग मी स्टेजवर गेलो. ठरलं होतं ते एवढंच: पिशवीतून खंडूला काढायचं, मांडीवर बसवायचं आणि विचारायचं, काय रे, तू बुडालास कधी? संपलं. तेवढ्यावर काम झालं असतं. हे मी आता रोज स्वतःला सांगतो.

पण समोरची माणसं इतकी हळवी झाली होती, इतकी तयार होती, की मला राहवेना. पस्तीस वर्षांत असा प्रेक्षक मिळाला नव्हता. वाढदिवसाला पोरं केक कधी कापणार म्हणून ओरडत असतात. आणि शुक्रवारपासून ती भिकार मालवणी कानात ठसठसत होती. म्हटलं, हिला दाखवू या मेलेला माणूस कसा आणतात ते.

मी एक रिकामी खुर्ची पुढे ओढली. तोंड अर्धं वळवून उभा राहिलो. खुर्चीतून दोनदा खाकरण्याचा आवाज आला.

"सुला, च्या झाली काय गो?"

आमच्या धंद्यात टाळीसाठी जागा सोडतात. हातचलाखी झाली की थांबायचं, मनात चार मोजायचे, लोकांना श्वास घेऊ द्यायचा. बुवाबाजी उघडी पाडायच्या प्रयोगात मात्र ही जागा सोडायची नसते. चमत्कार केला की लगेच उलगडा, मध्ये फट ठेवायची नाही, कारण त्या फटीत माणूस विश्वास ठेवून मोकळा होतो. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. आणि मी थांबलो. सवयीने थांबलो, आणि खरं सांगायचं तर टाळी हवी होती म्हणून थांबलो. चारच्या जागी बहुतेक सहा मोजले असतील.

टाळी पडली नाही. ताई उभी राहिली होती, त्या पायावर. पट्टीतून लाल ओल पसरत होती आणि तिला ते कळत नव्हतं. ती खुर्चीकडे बघत होती.

"आलात?" ती म्हणाली.

मग माझी धांदल उडाली. मी खंडूला काढलं, हा बघा, हा बुडालेला नाही कारण हा जन्मलेलाच नाही, असं सांगितलं, कानातल्या स्पीकरचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं. श्रुतिकाने काहीच खळखळ केली नाही. तिने स्वतःच कानातून तो दाणा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. लोक खवळले. कुणी हर्षदची कॉलर धरली, कुणी हसलं, सेक्रेटरींनी माइक घेऊन माझं अभिनंदन केलं. टाळ्या आता पडल्या.

त्या गडबडीत श्रुतिका माझ्या जवळ आली. चष्म्याशिवाय तिचे डोळे थकलेले दिसत होते.

"काका, तुम्ही मध्ये थांबलात," ती हळू म्हणाली. "मी पण थांबले होते. आमच्या गॅदरिंगमध्ये वारलेल्या आजीची नक्कल केली होती मी, गंमत म्हणून. आई उभी राहिली."

"मग?"

"मग काय. सहा वर्षं झाली."

मी तिला काहीतरी तिखट उत्तर दिलं असेन. आता आठवत नाही.

दुपारी ताईच्या घरी आम्ही तिचा पाय पाटावर ठेवला आणि प्रांजलने पट्टी बदलली. काळेपणा पंजाच्या मधोमध आला होता. मी म्हटलं, "ताई, बघितलंस ना? ती बाई खोटी होती."

"खोटीच," ताई म्हणाली. "मी तेव्हाच ओळखलं. तिचा आवाज ह्यांचा नव्हताच. ह्यांचा आवाज आज ऐकला."

"अगं, तो मी काढला. मी. तुझ्यासमोर किती वेळा काढलाय."

"तेव्हा तू काढायचास. आज ते आले." ती अगदी समजुतीने बोलत होती, लहान भावाला गणित शिकवावं तसं. "तुला नाही कळणार रे नंदू. तुझ्यातनं आले ना, म्हणून तुला कळलं नाही. आता तूच विचार त्यांना, पायाचं काय करू."

मी तिला पुन्हा काढून दाखवला आवाज, ओठ हलवून, तोंडासमोर आरसा धरून. खंडूच्या तोंडून काढून दाखवला. ती तोंड फिरवून म्हणाली, "थट्टा नको." मी चिडलो, ओरडलो, वाट्टेल ते बोललो. सख्ख्या बहिणीला मूर्ख म्हणालो. ती रडली नाही की रागावली नाही. ती वाट बघत होती.

सोमवारी सकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. पायाचा वास आता जिन्यापर्यंत येत होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच घेऊन या, उद्याची खात्री मी देत नाही. प्रांजल मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"मामा, बोल तू."

"काय बोलू?"

"तुला माहितीये काय. बाबांच्या आवाजात सांग, पाय कापून घे म्हणून. एकदाच. प्लीज."

"प्रांजल, मी आयुष्यभर याच्या विरुद्ध..."

"यार मामा, तुझं आयुष्य राहू दे ना. ती मरेल."

भिंतीला टेकून मी उभा राहिलो. मला तिचा राग आला, ताईचा आला, भावोजींचा आला. सगळ्यात जास्त त्या सहा आकड्यांचा आला. मग बाहेर गेलो आणि ताईच्या पायथ्याशी बसलो. भावोजींचा फोटो समोरच होता. ताईने डोळे उघडले.

मी दोनदा खाकरलो.

"अहो," ती लगेच म्हणाली, "पाय देऊ का?"

"जांवदे तो पाय," मी म्हटलं. "तू रव." 'राहा' म्हणायला भावोजी हेच म्हणाले असते.

ती हसली. तीन वर्षांत तिला तशी हसताना मी बघितलं नव्हतं. अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. फॉर्मवर तिने स्वतः सही केली. पंजाचा पुढचा भाग गेला, टाच वाचली, ताई वाचली. डॉक्टर माझी पाठ थोपटून म्हणाले, "कसं समजावलंत?" मी म्हटलं, "समजली." खोटं बोलायला तिथूनच सुरुवात झाली.

याला आता तीन महिने होत आले. श्रुतिकाचा मुलुंडचा हॉल बंद झाला. तिच्याकडे जाणारी माणसं बोरीवलीला माझ्या दाराशी येतात. मेलेल्याचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतात. बाईची विद्या ज्याने उतरवली त्याची विद्या मोठी असणार, असा त्यांचा हिशेब आहे. मी दार लावून घेतो तेव्हा ते रागावत नाहीत, जिन्यावर बसून राहतात. एका बाईने परवा दाराबाहेरूनच नमस्कार केला. मी शाळांतले प्रयोग बंद केले आहेत. कुठल्या तोंडाने जाऊ?

पण ते सगळं परवडलं. मला भीती आहे ती दुपारच्या साडेबाराची.

ताई आता वॉकर धरून चालते. जखम भरली आहे. साखर आटोक्यात आहे, पण इंजेक्शन आणि जेवण दोन्ही वेळेवर हवं, एक चुकलं तर दुसरं जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि ती दोन्हीला हात लावत नाही, मी येऊन बसेपर्यंत. मी आलो की ती फोटोकडे बघते आणि एकच प्रश्न विचारते. पहिल्यांदा विचारला तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती आणि मी कसंबसं उत्तर दिलं. मला वाटलं तेवढ्यावर भागेल. दुसऱ्या दिवशी तिने तोच विचारला. मध्ये एकदा घसा बसून माझा आवाज दोन दिवस गेला होता. मी गरम पाणी पीत खाटेवर पडून राहिलो, प्रांजल विनवण्या करून थकली, आणि ताई दोन दिवस इंजेक्शन न घेता, पाण्यावर, खुर्चीत बसून राहिली. ह्यांनी काही सांगितलं नाही अजून, एवढंच म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी एकसष्ट वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात घशात एक गाठ आहे, तपासून घेऊ.

काल मी ठरवून गेलो. म्हटलं, आता बास. ताट वाढलेलं होतं, भात, आमटी, तळलेला बांगडा. प्रांजल इंजेक्शन भरून उभी होती. मी ताईचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. त्या रविवारी टाळीसाठी थांबलो ते सांगितलं, सोमवारी स्वयंपाकघरात काय ठरलं ते सांगितलं, रोज दुपारी मी काय करतो ते सांगितलं. सांगताना मला रडू आलं. "भावोजी नाहीत गं, ताई. ते कधीच आले नाहीत. मी होतो. तुझं माणूस मीच आहे, माझ्यासाठी जेव."

तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आई फिरवायची तसा.

"दमलास रे नंदू," ती म्हणाली. "जरा बाजूला हो. ह्यांना बोलू दे."

प्रांजल माझ्याकडे बघत होती. घड्याळात पाऊण वाजून गेला होता आणि ताईच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब दिसायला लागले होते. मी फोटोकडे तोंड केलं आणि दोनदा खाकरलो.

"अहो," ताई म्हणाली, "तुमच्याकडे येऊ का आता?"

"आज नको," मी म्हटलं.

"बरं. उद्या विचारते," ती म्हणाली, आणि तिने दंड प्रांजलपुढे केला आणि ताट जवळ ओढलं.